एकतिसावं नाव

एका चौकोनात एक आकडा लिहायचा, एवढंच काम होतं. चौकोन लहान होता, आकडा फार मोठा येईल अशी भीती नव्हती, आणि फालानिको गेली बावीस वर्षं आमच्या राजधानीतल्या, म्हणजे आपियातल्या, एका छोट्या आरोग्य संस्थेत ग्रंथपाल असल्यामुळे चौकोन भरण्यात त्याचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं. तरी त्या एका चौकोनापायी एक डुकरीण गेली, दोन मानकरी एकमेकांशी बोलेनासे झाले आणि खुद्द फालानिकोला भर सभेत उघड्या अंगाने उभं राहावं लागलं. ते कसं, हे सांगायचं म्हणजे सुवाहून आलेल्या पत्रापासून सुरुवात करायला हवी.

शेजारच्या देशातल्या सुवाच्या प्रादेशिक कार्यालयाला असं वाटलं होतं, की महासाथीच्या काळात छोट्या बेटांच्या देशांनी किती संशोधन केलं ते एकदा मोजून टाकावं. प्रत्येक देशाने आपले शोधनिबंध किती ते सोबतच्या तक्त्यात भरून पाठवावं. सोबतचा तक्ता चौदा पानांचा होता. संचालकांनी पहिलं पान वाचलं, उरलेली तेरा चाळली, "हे फालानिकोचं" असं म्हटलं आणि ते जेवायला गेले. आमच्याकडे साहेब जेवायला गेले की तो विषय संपतो.

आता, आकडा म्हटलं की फालानिकोचं एक जुनं दुखणं वर येत असे. तीन वर्षांपूर्वी सुवालाच झालेल्या एका बैठकीत प्रत्येक देशाने आपापल्या निबंधांचा आकडा वाचून दाखवला होता. फालानिकोने उभं राहून "दोन" असं सांगितलं होतं. कोणी हसलं असतं तर चाललं असतं. पण चहाच्या वेळी टोंगाचे विलिआमी त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "दोन म्हणजे काही वाईट नाही हो." अपमान माणूस विसरतो, सांत्वन विसरत नाही. तेव्हापासून फालानिकोने टोंगाचं कलिंगड खाणं सोडलं होतं.

म्हणून या वेळी त्याने कंबर कसली. पहिल्या दिवशी शोधून शोधून चार निबंध सापडले. संध्याकाळी तो उदास चेहऱ्याने घरी आला, तेव्हा शेजारचे इलाइयाकाका नेहमीप्रमाणे त्याच्याच घरात, त्याच्याच चटईवर बसून, त्याच्याच बायकोच्या हातचा कोको पीत होते. इलाइयाकाका कस्टममधून निवृत्त झाल्याला बारा वर्षं झाली होती, पण दुसऱ्याचं सामान उघडून बघण्याची सवय गेली नव्हती. त्यांनी तक्ता हातात घेतला.

"चार कसले? ऑकलंडचा तो प्राध्यापक नाही का, फुप्फुसांवाला? त्याची आजी आपल्या फागामालो गावची."

"काका, तो जन्मला तिकडे, शिकला तिकडे."

"अरे, रग्बीच्या संघात आजीवर घेतात की नाही? मग संशोधनात का नाही?"

हा मुद्दा बिनतोड होता. दोन दिवसांत आज्यांच्या आधारे आकडा अकरावर गेला. मग इलाइयाकाकांनी त्या प्रवासी बोटीचा मुद्दा काढला. बोटीवर साथ पसरली होती आणि बोट आपल्या बेटाच्या इतक्या जवळून गेली होती, की काकांनी स्वतः तिला हात केला होता. त्या बोटीवरचे तीन निबंध आत आले. पाळकसाहेबांची दर रविवारची प्रवचनंही घ्यावीत असं काकांचं म्हणणं होतं, कारण तीही अभ्यास करूनच दिलेली होती. फालानिकोने पाच घेतली. आकडा एकोणीस झाला आणि फालानिकोला तीन वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली.

नवव्या पानावर मात्र घात झाला.

नवव्या पानावर लिहिलं होतं: प्रत्येक निबंधाच्या फक्त पहिल्या तीन लेखकांची नावं द्यावीत. संशोधक म्हणून प्रादेशिक यादीत तेवढीच नावं जातील. पहिल्याचा वाटा निम्मा, दुसऱ्याचा पाव, असं पुढे. उरलेल्यांची गणना 'इतर' या सदरात होईल.

फालानिकोने त्या चार अस्सल निबंधांतला सगळ्यात अस्सल निबंध उघडला. तो त्याच्या स्वतःच्या गावचा होता. सवाई बेटावरचं वाईतोआ. साथ आली तेव्हा मानकऱ्यांनी गावचा रस्ता अडवला, होड्या वर ओढल्या, शंख वाजला की कोणी घराबाहेर पडायचं नाही असा नियम केला, आणि सोळा आठवडे रोज संध्याकाळी एकशे बेचाळीस घरांतल्या माणसांचा ताप मोजून लिहून ठेवला गेला. शहाण्यासुरत्यांनी वाखाणलेला निबंध होता तो. संस्थेच्या वार्षिक अंकात छापला होता आणि त्या अंकाचा चिटणीस फालानिकोच होता.

लेखक एकतीस होते. त्यांचा क्रम फालानिकोने स्वतः लावला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. गावाची मानाची यादी शेकडो वर्षांची असते. सभेत कोण कुठल्या खांबाला टेकतो, पहिला प्याला कोणाचा, दुसरा कोणाचा, हे त्यात ठरलेलं असतं. ती यादी मोडून कागदावर कोण कसं लिहिणार? पहिले तुईवाई. दुसरे सीतागा. तिसरे लेआसो. ही सगळी मानाची नावं. मग बाकीचे मानकरी, मग पाळक, पाळकांची बायको, महिला मंडळाच्या अध्यक्षा, शाळेचे हेडमास्तर, आणि सगळ्यात शेवटी, एकतिसाव्या जागी, गावची परिचारिका रूता. तिला मानाचं नाव नव्हतं. शिवाय ती फालानिकोची थोरली बहीण होती, आणि घरचं माणूस पुढे घातलं असं कोणी म्हणू नये म्हणून त्याने तिला हेडमास्तरांच्याही खाली सरकवलं होतं.

ताप मोजला होता तो रूताने. सोळा आठवडे, रोज, एकटीने.

"काय रे, तोंड का असं झालंय?" मासिनाने विचारलं. मासिना त्याची बायको. तिने त्याच्या खांद्यावरून कागदावर नजर टाकली. बोटाने एकेक नाव मोजत ती खाली खाली गेली आणि तळाशी थांबली.

"रूताताई एकतिसावी?"

"मानाचा क्रम आहे, मासिना."

"सख्ख्या बहिणीला एकतिसाव्या जागी बसवलंस? मग गावच्या कोंबड्या का वगळल्यास? त्यांची नावं घालायची होतीस की तिच्या आधी!"

आमच्यात भावाने बहिणीसमोर आवाज चढवायचा नसतो. मासा भाजला तर मोठा तुकडा तिचा, चटई अंथरली तर मऊ बाजू तिची. बहीण मनातून दुखावली तर भावाच्या घराला ते लागतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि मासिनाकडे याहून वाईट बातमी होती. सवाईच्या पश्चिम भागासाठी मुख्य परिचारिकेची जागा निघाली होती. रूताने अर्ज केला होता. ती सत्तावन्न वर्षांची, म्हणजे ही शेवटची संधी. अट अशी होती, की उमेदवाराचं नाव प्रादेशिक यादीत संशोधक म्हणून असावं. दुसरी उमेदवार आपियातली एक तरुण मुलगी होती. साबणाने हात कसे धुवावेत, या निबंधात तिचं नाव तिसरं होतं.

फालानिकोने बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"असू दे रे, नीको," रूता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिने शिव्या दिल्या असत्या तर फालानिको जेवला असता. "असू दे" ऐकल्यावर त्याने अळूचे कंद तसेच पानात ठेवले.

"गावाला जा," मासिना म्हणाली. "मानकऱ्यांना विचार. तिला वर घ्या म्हणावं."

"यादी बदलायला सांगू? तुईवाईंनी तो अंक सभागृहाच्या खांबावर चौकटीत लावलाय!"

"मग बहिणीला तोंड कसं दाखवणारेस ते सांग."

शुक्रवारच्या बोटीने फालानिको निघाला. इलाइयाकाका न बोलावता बरोबर आले. सभेत कसं बोलावं याचे धडे ते बोटीवर देत होते, ते इतके की समोरची एक बाई उठून डेकवर उन्हात जाऊन बसली. फालानिकोने मात्र स्वतःची वेगळी तयारी केली होती. शिकलेल्या माणसाला आपलं म्हणणं चित्राने पटवायची खोड असते. त्याने निबंधाच्या श्रेयाचं एक गोल रंगीत चित्र काढून, मोठ्या कागदावर छापून आणलं होतं. त्यात तुईवाईंचा निम्मा तुकडा निळा, सीतागांचा पाव तुकडा हिरवा, असं करत करत रूतापर्यंत पोचेस्तोवर तुकडा राहत नव्हता, नुसती रेघ राहत होती. ती रेघ बघून कोणाचंही काळीज हलेल, अशी त्याची कल्पना होती.

सभा भरली. आवा, म्हणजे मुळी वाटून केलेलं मानाचं पेय, फिरला. समारंभाची, खिशाची काळी लुंगी नेसलेल्या फालानिकोने पाहुण्यांच्या जागी बसून अर्धा तास योग्य ते गुणगान केलं आणि मग तो कागद मधोमध पसरला. रेघेकडे कोणीच बघितलं नाही. सगळे निळ्या आणि हिरव्याकडे बघत होते.

"हा निळा कोण?" सीतागांनी विचारलं.

"तुईवाई सरकार."

"आणि हा एवढासा हिरवा?"

"तो... आपण, सरकार."

सीतागांनी तो तुकडा बोटाने मोजला. तुईवाई आणि सीतागा या दोन्ही घराण्यांचे मूळ पुरुष सख्खे भाऊ. दोघे एकाच होडीतून आले. किनाऱ्यावर पहिलं पाऊल कोणाचं पडलं, हा प्रश्न गावाने दोनशे वर्षं न विचारून सोडवला होता. प्याला आधी तुईवाईंना जातो, पण सीतागांचा प्याला मोठा असतो. तुईवाई आधी बोलतात, पण सीतागा जास्त बोलतात. असं जपून जपून चाललेलं गाव, आणि आपियाचा एक ग्रंथपाल येऊन निळ्या-हिरव्यात सांगतो, की एक दुसऱ्याच्या दुप्पट!

"निम्मा?" सीतागा म्हणाले. "रस्त्यात आडवा बांबू टाकला त्याचा निम्मा? मी चौदा होड्या वर ओढल्या!"

"ओढल्या पोरांनी. तू नीरफणसाखाली बसून ओरडत होतास," तुईवाई म्हणाले.

"सरकार, माझं म्हणणं रूताताईबद्दल होतं," फालानिको मध्ये म्हणाला. "तिला जर जरा वर घेतलं..."

"ती कशाला?" दोघेही एकदम म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच. सीतागा पुढे म्हणाले, "रस्ता यांनी अडवला, होड्या मी ओढल्या, शंख लेआसोने वाजवला. तिने नुसतं लिहिलं!"

गावाचे तुकडे करणारा कागद सभागृहात आणल्याबद्दल फालानिकोला दंड झाला: एक डुकरीण आणि चाळीस खोकी डबाबंद मासळी. इथे इलाइयाकाकांनी पाहुण्यांच्या जागेवरून मोठ्याने विचारलं, की मासळीऐवजी बिस्किटं चालतील का. दंड पन्नास खोक्यांवर गेला.

सकाळी फालानिको बहिणीच्या घरी बसला होता. रूताने त्याच्यापुढे कोको घातलेला भात आणि गरम पानिकेके, म्हणजे तळलेले गोड गोळे, ठेवले. स्वतः ती दारात बसून वहीत काहीतरी लिहीत होती. लहानपणी तो पडला की जखम धुऊन झाल्यावर ती अशीच गप्प बसत असे.

"ताई, शिव्या तरी दे."

"देते. डुकरीण आली की."

"चूक माझी. क्रम लावायला मी बसलो होतो. मला दिसत होतं कोणी काय केलं ते, आणि तरी मी तुला तळाला टाकलं."

रूताने वही मिटली. "हे बघ नीको, नाव पहिलं की एकतिसावं, मला खरंच फरक पडत नाही. मला ती गाडी हवी होती. मुख्य परिचारिकेला गाडी मिळते. त्या काळ्या खडकांच्या पलीकडे तीन वस्त्या आहेत. साथीत तिथे कोणी गेलं नाही, मीसुद्धा नाही. चालत जायचं तर चार तास लागतात. तिथे किती गेले, ते कोणी मोजलंच नाही." ती उठून चुलीकडे गेली. "तेवढंच वाटत होतं, निवृत्त व्हायच्या आधी एकदा तिकडे जाऊन यावं."

इतके दिवस फालानिको चौकोनातल्या आकड्यासाठी धावत होता, आणि हिच्या मनात जो आकडा होता तो कुठल्याच तक्त्यात नव्हता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. फालानिकोला ती चारचौघांत सांगितलेली आवडली नसती. तिसरा लेखक जो लेआसो, तो त्याचा काका. साथ संपल्यावर वर्षभराने म्हातारा गेला आणि ते मानाचं नाव रिकामं पडलं. पिओ आणि आलेकी हे दोन चुलतभाऊ त्यावरून भांडत होते. फालानिको भांडत नव्हता. तो फक्त दर शनिवारी ती खिशाची काळी लुंगी इस्त्री करत असे. लेआसो व्हावं, सभेत खांबाला टेकून बसावं, लोकांनी नावाऐवजी मानाने हाक मारावी, हे त्याच्या मनात गेली अकरा वर्षं होतं. काका धडधाकट असताना गुपचूप, आणि नंतर थोडं कमी गुपचूप. बावीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं लावून ठेवणाऱ्या माणसाने स्वतःसाठी एवढं मागितलं तर ते काही फार नव्हे.

सोमवारी डुकरीण आणि खोकी घेऊन तो सभेत हजर झाला. तुईवाई आणि सीतागा एकमेकांकडे पाठ करून बसले होते. रविवारचं जेवण दोन ठिकाणी झालं होतं, पाळकांना दोन्हीकडे जेवावं लागलं होतं आणि ते आजारी होते. फालानिकोने क्षमा मागितली, विनंती मागे घेतली आणि तो उठणार तेवढ्यात तुईवाई म्हणाले, "थांब. त्या तुझ्या कागदात तिघेच मोजतात ना? मी, हा आमचा हिरवा, आणि लेआसो."

"हो, सरकार."

"लेआसो कोण?"

"काका. ते गेले, सरकार."

"तुझा काका गेला हे मला माहीत आहे, मी त्याच्या मयताला बोललो. मी विचारतोय, लेआसो कोण? निबंधावर तुझ्या काकाचं नाव नाही, लेआसोचं आहे. लेआसो काही मरत नाही. त्या जागी कोण बसलंय ते सांग, म्हणजे तिसरा लेखक कोण ते कळेल."

ही गोष्ट फालानिकोच्या डोक्यात आली नव्हती. चौदा पानं वाचून माणसाचं काय होतं, ते बघा. गावातलं शेंबडं पोरही त्याला हे सांगू शकलं असतं.

"आलेकी असेल तर मी इथे बसणार नाही," पिओ म्हणाला.

"पिओ असेल तर मी गाव सोडतो," आलेकी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत समजूत दिसली.

"नीको चालेल," पिओ म्हणाला.

"नीको चालेल," आलेकी म्हणाला. "शिकलेला आहे. आणि आपियाला राहतो, सारखा येणार नाही."

इलाइयाकाकांनी फालानिकोच्या मांडीला असा चिमटा काढला, की त्याचा हुंकार सगळ्यांना होकारच वाटला. "घे!" काका कुजबुजले. "ग्रंथपाल आणि वर लेआसो! सुवाच्या यादीतही जाशील. टोंगावाला काय म्हणेल!"

फालानिकोचा ऊर भरून आला. अकरा वर्षं वाट बघितलेली गोष्ट अशी ताटात वाढून समोर आली होती. काहीही बोलायची गरज नव्हती, फक्त मान खाली घालायची होती. त्याने मान खाली घालायला घेतली आणि घालता घालता त्याला पलीकडच्या घरातली रूता दिसली. आमच्या घरांना भिंती नसतात, हा एक मोठा गैरसोयीचा प्रकार आहे. तिच्यासमोर बायका पोरं घेऊन रांगेत बसल्या होत्या. एकेकाचं वजन करून ती वहीत लिहीत होती. नुसतं लिहीत होती.

"लेआसो माझी बहीण," फालानिको म्हणाला.

आपण हे बोललो, हे त्याला इलाइयाकाकांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"बाईमाणूस?" सीतागा म्हणाले. "या घरात आजवर असं कधी झालं नाही!"

"आजवर या घरात तुला हिरवाही कोणी रंगवला नव्हता," तुईवाई म्हणाले. "पिओ? आलेकी? घराणं तुमचं आहे."

पिओने आलेकीकडे पाहिलं, आलेकीने पिओकडे. दोघांच्याही मनात एकच हिशेब दिसत होता, की समोरचा होण्यापेक्षा ती परवडली. दोघांनी माना हलवल्या.

"सरकार," फालानिको म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, "त्या सोळा आठवड्यांत शंख वाजायचा, सगळे घरात बसायचे, आणि माझी बहीण बाहेर पडायची. तुम्ही सगळे जिवंत आहात हे जगाला कळलं ते तिने लिहिलं म्हणून. मला दुसरं काही म्हणायचं नाही."

रूताला बोलावलं गेलं. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मला कोणी विचारलं नाही, ते ठीक आहे, इथे कोणालाच विचारत नाहीत. पण लेआसो झाले तर या घरात मला बोलता येईल ना?"

"येईल," तुईवाई जरा सावधपणे म्हणाले.

"मग आत्ताच बोलते. तुम्ही दोघे म्हातारे पाठीला पाठ लावून बसलात ते पुरे झालं. पाळकांचं पोट बिघडलंय."

दोघेही वळले. सीतागा तिसऱ्या नावाला लगेच कबूल झाले, कारण तिसरं कोणीही आलं तरी दुसरं त्यांचंच राहत होतं.

मान देण्याचा समारंभ, त्यासाठी ऑकलंडहून आलेले चौतीस नातेवाईक आणि त्यांनी आणलेलं सामान यांबद्दल लिहायला बसलं तर सुवाचा तक्ता तसाच राहील, आणि तो तर अजून राहिलाच होता. सुदैवाने इतर देशांनी काहीच पाठवलेलं नसल्यामुळे मुदत तीनदा वाढली होती. फालानिकोने अकरावं पान उघडलं. 'तिसरा लेखक: लेआसो. हयात की मृत?' त्याने दोन्हींवर खूण केली. संगणकाने तक्ता परत केला. त्याने तीन पानांचं स्पष्टीकरण जोडलं, की सदर लेखक तीन वर्षांपूर्वी वारले असून सध्या त्यांची प्रकृती उत्तम आहे. सुवाहून उत्तर आलं: कृपया एकच पर्याय निवडावा. असं चारदा झालं. शेवटी त्याने फोनच लावला. तिकडे लितिया नावाची एक बाई होती. फालानिकोने घशाला कोरड पडेपर्यंत सगळं सांगितलं: होडी, निळा, हिरवा, शंख, काका.

"म्हणजे नाव घराण्याचं," लितिया म्हणाली, "आणि जो बसेल तो."

"हो."

"मग एवढं कशाला लिहीत बसलात? आमच्या गावीही तसंच आहे. हयात." तिकडे बटण दाबल्याचा आवाज झाला. "आणि हो, त्या आज्या आणि प्रवचनं मी काढून टाकली आहेत. बोट पण."

अहवाल आला तेव्हा देशाच्या नावापुढे चार हा आकडा होता. टोंगाचे पाच होते. विलिआमींचा लगेच निरोप आला, की चार म्हणजे काही वाईट नाही. फालानिकोने तो निरोप पुसला आणि संशोधकांची यादी उघडली. तिथे तुईवाई होते, सीतागा होते आणि लेआसो होती. दोन महिन्यांनी पांढरी सरकारी गाडी बोटीतून सवाईला उतरली, आणि चालवता येत नसल्यामुळे रूताने ती पहिल्याच दिवशी नीरफणसाच्या झाडात घातली. दिवा फुटला. दुसऱ्या दिवशी ती पिओला घेऊन खडकांपलीकडे गेली.

ती परत आल्यावर सभा भरली, तेव्हा फालानिको छापील अहवाल घेऊन गावात आला होता. तो पाहुण्यांच्या जागी बसायला निघाला तर आलेकीने त्याला दंडाला धरून थांबवलं.

"तिकडे कुठे? पाहुणा नाहीस आता. आमच्या लेआसोचा भाऊ आहेस. मान नाही तर सेवा, आवा तू वाढायचास. काढ सदरा."

पन्नाशीचा ग्रंथपाल सभागृहाच्या तोंडाशी उघड्या अंगाने, कमरेला लुंगी गुंडाळून उभा राहिला. समोर आवाचं मोठं भांडं होतं. मानकरी आपापल्या खांबाला टेकले होते. तिसऱ्या खांबापाशी, जिथे अकरा वर्षं त्याने स्वतःला मनातल्या मनात बसवलं होतं, तिथे रूता मांडीवर वही घेऊन बसली होती. पहिला प्याला गेला. दुसरा, मोठा, गेला. मग हाक आली, ताणलेल्या, चढ्या आवाजात:

"लेआसोचा प्याला!"

ही हाक कानावर पडली की कसं वाटेल, याचा त्याने आयुष्यभर विचार केला होता. असं वाटेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. त्याने प्याला दोन्ही हातांनी उचलला आणि तो सगळ्या सभेच्या मधून चालत बहिणीपर्यंत गेला. डोळे भरून आल्यामुळे त्याला वाट नीट दिसत नव्हती. त्याने वाकून प्याला पुढे केला.

रूताने तो घेतला नाही. ती वहीचं पान त्याच्याकडे वळवून बसली होती. पानावर तीन वस्त्यांची नावं होती, प्रत्येकीखाली घरं होती, माणसं होती, आणि गेलेल्यांचीही नावं होती, एकूण एक. पानाच्या वरच्या कोपऱ्यात दोन लेखकांची नावं लिहिलेली होती. एक तिचं आणि दुसरं, गाडी चालवणाऱ्या पिओचं.

"तिसरा कोणीतरी हवा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "अंकात छापून आणायला. क्रम मी लावलाय, तू लावायचा नाहीस. आणि नीको, पोट आत घे, सगळे बघतायत."

मग तिने प्याला घेतला. फालानिकोने पोट आत घेतलं आणि ती पिऊन होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.